खोलीताईंचे ‘लेखी द्या’चे दिवस

आमच्या विद्यापीठात त्रेसष्ट वर्गखोल्या, तीन हॉल आणि एकोणीस विभाग. कुठल्या विभागाने कुठल्या वारी, किती वाजता, कुठे बसायचं हे ठरवण्याचं काम एकाच बाईंकडे होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. सगळे त्यांना खोलीताई म्हणत. नवे प्राध्यापक पहिले चार दिवस ‘मॅडम’ म्हणून बघत, मग तेही वळणावर येत.

माझं टायपिंगचं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. त्यामुळे हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाहीये.

ताईंचे वडील एका शाळेत शिपाई होते. शाळेची घंटा त्यांच्या ताब्यात. ‘घंटा एक मिनिट चुकली तर चारशे पोरांची भूक एक मिनिट लांबते,’ असं ते म्हणत आणि तापातसुद्धा शाळेत जात. तीन बहिणींत ताई थोरल्या. शिक्षण संपल्यासंपल्या त्या आमच्या कचेरीत सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागी. त्या बाई परत आल्याच नाहीत. ताई राहिल्या त्या राहिल्याच.

त्यांच्या टेबलावर काचेखाली एक मोठा कागद असे, दोन वर्तमानपत्रं उलगडून शेजारी ठेवावीत एवढा. त्यावर आठवड्याचे चौकोन, आणि प्रत्येक विभागाला एक रंगाची पेन्सिल. पुढे संगणक आला, वेळापत्रक त्यात भरायचं असा आदेश निघाला. ताई ते इमानेइतबारे भरत. पण कुणी काही विचारलं की मान मात्र काचेकडे वळायची.

खोल्या वाटणं म्हणजे चौकोन भरणं, असं लांबून वाटतं. खरं काम फोनवर चालायचं. “भूगोलवाले, मंगळवारी अर्धा तास मागे सरकाल का? संख्याशास्त्राच्या पाहुण्यांची गाडी उशिरा येतेय. पुढच्या महिन्यात तुमचं नकाशांचं प्रदर्शन आहे ना, तेव्हा मोठी खोली तुमची.” भूगोलवाले सरकत. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा आवाज बारीक आहे, कुठल्या खोलीत दुपारी फळ्यावर ऊन येऊन अक्षर दिसत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आणि ते डोक्यात यायचं कारण माणसं येऊन सांगत. झाडूवाल्या मावशी सांगत, कोणत्या खोलीचं छत ठिबकतंय. वायरमन तर रोज सकाळी कामावर आला की आधी ताईंच्या टेबलाशी येई.

“ताई, चौदा नंबरचा पंखा लटकतोय. आज तिथे कुणाला बसवू नका.”

“आणि तुमच्या पाठीचं काय?”

“ती पंख्यापेक्षा बरी आहे.”

एवढंच बोलणं. पण यातलं काहीही कुणाच्या कामाच्या यादीत लिहिलेलं नव्हतं. वायरमनचं काम होतं बिघाड दुरुस्त करणं. ताईंना सांगणं नव्हे. ताईंचं काम होतं खोल्या देणं. गुडघे लक्षात ठेवणं नव्हे. विद्यापीठ अशाच न लिहिलेल्या गोष्टींवर चाललं होतं, आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मग नवे उपकुलसचिव आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांच्या नंतर जात, कुणाकडून चहासुद्धा फुकट घेत नसत. तीन वर्षं धूळ खात पडलेल्या फायली त्यांनी दोन महिन्यांत हलवल्या. पण जिभेला हाड नव्हतं. चूक दिसली की समोर कोण आहे, आजूबाजूला किती जण आहेत, हे त्यांना दिसायचंच नाही.

ताईंची चूक झाली ती त्याच सुमारास, आणि ती खरोखर त्यांचीच होती. एका दुपारी मधला हॉल त्यांनी दोन विभागांना देऊन टाकला. बाहेरगावाहून आलेले एक वयस्क पाहुणे हातात भाषणाचे कागद घेऊन पाऊण तास दाराशी उभे राहिले. ताईंनी स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली, रसायनशास्त्राची खोली मिळवून दिली. प्रकरण मिटल्यासारखं वाटलं.

पण चार दिवसांनी मासिक बैठक होती. तीसेक माणसं. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. साहेबांनी तो विषय काढला आणि ताईंना उभं केलं.

“किती वर्षं झाली तुम्हाला इथे?”

“बावीस, साहेब.”

“बावीस वर्षं नुसत्या खोल्या मोजताय आणि त्याही मोजता येत नाहीत? मग इथे कशाला येता? घरी शेंगा सोलत बसा.”

मागून कुणीतरी हसलं. कोण ते मला आजही माहीत नाही. मुद्दाम हसलं असेल असंही नाही. माणूस घाबरला तरी हसतो. पण ताईंचा चेहरा बदलला तो साहेबांच्या बोलण्याने नाही, त्या हसण्याने. त्या “चूक झाली साहेब” म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. मी तो लिहून घेतला.

ताई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, रजेवरही गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या. पहिला फोन भूगोलाचा. मी कान देऊन ऐकत होते.

“खोली बदलून हवी? लेखी द्या.”

पलीकडून काहीतरी थट्टा झाली असावी. ताई शांतपणे म्हणाल्या, “नाही हो, राग नाही. नियम आहे. विभागप्रमुखांच्या सहीनं द्या, तीन दिवस आधी.”

आणि तेच रोज सुरू झालं. इतिहासाच्या विभागप्रमुखांचा अर्ज सही एका ओळीने चुकीच्या जागी होती म्हणून परत गेला. नियमात बसत होतं. काचेखालचा कागद जुनाच राहिला. ताईंनी पेन्सिली खणात टाकल्या. विचारलं त्याचं उत्तर द्यायचं, सांगितलं तेवढं करायचं. कुणी त्यांच्यावर बोट ठेवू शकत नव्हतं.

हे फक्त ताईंचं झालं असतं तर एक गोष्ट. पण त्या बैठकीत आम्ही तीस जण होतो. बोलणं एकीला बसलं आणि कानाला खडा सगळ्यांनी लावला. साहेबांकडे अडचण घेऊन जायचं म्हणजे आपणच चव्हाट्यावर यायचं, हे प्रत्येकाला कळलं. आपण बरं की आपलं काम बरं. माझंही सांगते, लपवत नाही. साहेबांनी मला एक पत्र सांगितलं, त्यात त्यांच्या तोंडून ‘३१ जून’ अशी तारीख आली. एरवी मी हसून म्हटलं असतं, “साहेब, जूनला तीसच असतात.” त्या दिवशी मी ‘३१ जून’ टाइप केलं, सही घेतली आणि पत्र चाळीस कॉलेजांना धाडून दिलं. चाळीस कॉलेजांतून फोन आले. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, “आपण सांगितलं तसंच केलं.” मनातून बरं वाटलं. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

अशाच एका सकाळी वायरमन नेहमीसारखा ताईंच्या टेबलाशी आला. “ताई, मोठ्या हॉलच्या…”

ताईंनी मानही वर केली नाही. “मला काय सांगता? मी वायरमन आहे का? रजिस्टर आहे ना? त्यात लिहा आणि चालू लागा.”

तो क्षणभर उभा राहिला. पंधरा वर्षं तो माणूस त्या टेबलाशी येत होता. “बरं,” म्हणाला आणि गेला. त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘मोठा हॉल, मेन बोर्डाला जळका वास येतो, बदलणे.’ ते रजिस्टर इमारत विभागाचं. तिथले लोक ते उघडत कधीमधी, आणि आता तर उघडून काही दिसलंच तर वर सांगायची कुणाची छाती नव्हती.

ताई घरीही तशाच होत चालल्या होत्या, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. घरात त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, मुळातच कमी बोलणारे. सासूबाईंना कानाला कमी यायचं, त्यामुळे एक गोष्ट त्या दोनदा विचारत. पूर्वी ताई दोनदा सांगत. बैठकीनंतरच्या दोन महिन्यांत एकदा त्या ओरडल्या, “एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?” म्हातारी गप्प झाली. पुढे तिने काही विचारणंच सोडलं. घरात शांतता झाली, आणि ताईंना वाटलं, चला, एक कटकट गेली.

मोठ्या हॉलमध्ये प्रवेश परीक्षा होती त्याच्या आदल्या संध्याकाळी ताई घरी गेल्या तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या, पाय सुजून खांबासारखे झालेले. रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. डॉक्टर, औषध, धावपळ झाली. पायाखाली उशा देऊन म्हातारीला निजवल्यावर ताई तिच्या कानाशी बसून म्हणाल्या, “सांगितलं का नाहीत हो?”

“तू चिडशील म्हणून,” म्हातारी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. बाहेर ऊन आहे म्हणून छत्री घेतली, असं सांगावं तसं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता परीक्षेसाठी मोठा हॉल उघडला. चारशे मुलं, दहाची वेळ. पर्यवेक्षकांनी सगळे दिवे-पंखे एकदम लावले आणि फाट्दिशी आवाज होऊन सगळं बंद पडलं. मेन बोर्ड जळाला होता. त्या हॉलला खिडक्या नावालाच. आत हातातला कागद दिसेना.

साहेब धावत आले. पायरीवर उभे राहून एकामागून एक फोन लावत होते. मी त्यांच्या शेजारी यादी घेऊन उभी होते, त्यामुळे उत्तरं मला ऐकू येत होती. इमारत विभाग म्हणाला, नवा बोर्ड भांडारातून काढायला मंजुरी लागेल. भांडारपाल म्हणाले, मंजुरी आली की लगेच देतो. ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, वाचनकक्ष आहे, पण लेखी आदेश आल्याशिवाय वाचकांना उठवता येणार नाही. कुणी उलट बोललं नाही. सगळे नम्र, सगळे नियमात. साहेबांचा आवाज आधी चढला, मग बसला. फाटकाबाहेर मुलं आणि त्यांचे आईबाप ताटकळत होते.

ताई माझ्या मागे उभ्या होत्या. मला वाटलं, त्या आता खोली क्रमांक विचारला तर खोली क्रमांक तेवढा सांगतील. त्या म्हणाल्या, “वायरमन कुठेय?”

तो हॉलच्या मागच्या बाजूला बोर्ड उघडून बसला होता. ताई त्याच्याजवळ गेल्या. मी पाठोपाठ.

“तुम्ही हेच सांगायला आला होतात ना?”

“हो.” त्याने वर बघितलं नाही. “रजिस्टरमध्ये लिहिलंय. तारीख टाकून.”

“तुम्ही आलात आणि मी तुम्हाला हाकललं. माझं चुकलं. दुसऱ्याचा राग तुमच्यावर काढला.”

तो पेचकस फिरवत राहिला. जरा वेळाने म्हणाला, “बोर्ड मिळाला तर बारापर्यंत होईल. त्याच्या आधी नाही.”

“ठीक आहे. बोर्ड मी आणवते,” ताई म्हणाल्या.

मग त्या टेबलाशी आल्या, काच उचलून कागद बाहेर काढला आणि फोन हातात घेतला. आधी भांडारपाल. “बोर्ड आत्ता द्या. मंजुरीवर माझी सही चालणार नाही हे मलाही माहीत आहे, साहेबांची घेऊन मीच येते, पण माणूस आत्ता पाठवतेय.” मग रसायनशास्त्र. “त्या दिवशी पाहुण्यांसाठी तुम्ही खोली दिलीत, मी साधे आभारही मानले नाहीत. आज पुन्हा मागतेय. दोन खोल्या, दुपारी एकपर्यंत.” रसायनवाल्यांनी साठ-साठच्या दोन खोल्या दिल्या. संख्याशास्त्राने ऐंशीची दिली. भूगोलवाल्यांनी नकाशांची खोली दिली, पन्नासांची, वर म्हणाले, “आज लेखी नको का ताई?” आणि ताई हसल्या, दोन महिन्यांत पहिल्यांदा. इतिहासाच्या विभागप्रमुखांनी मात्र साफ नाही म्हटलं. “अर्ज करा, सही योग्य जागी बघून देईन.” ताई म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं,” आणि फोन ठेवला.

अजून दीडशे मुलं उरत होती. ताई ग्रंथालयात स्वतः चालत गेल्या. त्या बाईंबरोबर त्या रोज डबा खात असत. दोन महिने तोही बंद होता. दोघी दारात काय बोलल्या ते मला माहीत नाही. पाचेक मिनिटांत वाचक पुस्तकं काखेत मारून बाहेर पडायला लागले.

साहेब अजून पायरीवरच होते. ताई त्यांच्यासमोर गेल्या. “साहेब, जागा झाली. हा गठ्ठा दीडशे उत्तरपत्रिकांचा आहे, माणूस नाहीये. तुम्ही वाचनकक्षात पोचवता का?” साहेबांनी फोन खिशात टाकला, गठ्ठा उचलला आणि निघाले.

परीक्षा पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली. दोन पालकांनी तक्रार केली, तिची चौकशी झाली, साहेबांना खुलासा द्यावा लागला. सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. पण चारशेच्या चारशे मुलांनी पेपर लिहिला.

दुपारी साहेबांनी ताईंना आत बोलावलं. मी खुलाशाचा मसुदा घ्यायला आतच बसले होते. उठायला लागले तर ताईंनीच मला बस म्हणून खुणावलं.

“आज जे केलंत,” साहेब म्हणाले, “ते तुम्हाला येत होतं. मग गेले दोन महिने का नाही केलं?”

“गेले दोन महिने मी नोकरी केली, साहेब. आज केलं ते नोकरीत लिहिलेलं नाही.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“हॉल दोघांना दिला ती चूक माझीच होती,” ताई म्हणाल्या. “तुम्ही दार लावून मला याच्या दुप्पट बोलला असता तरी चाललं असतं. तीस माणसांत बोललात. मी गप्प झाले आणि तेही तीस जण गप्प झाले. बोर्डाला वास येतोय हे वायरमनला आठ दिवस माहीत होतं. तुमच्यापर्यंत आलं नाही, कारण ते आधी माझ्याकडे आलं आणि मी त्याला तुमच्यासारखंच तोडून बोलले. त्याची चूक नाही. त्याला काही बोलू नका.”

“तुम्ही मला शिकवताय का?”

“नाही साहेब. तुम्ही विचारलंत.”

मग साहेबांनी खुलासा सांगायला सुरुवात केली. त्यात ‘संबंधित कर्मचाऱ्याने नोंद केली होती, ती वरिष्ठांपर्यंत पोचण्याची व्यवस्था नव्हती, ही जबाबदारी माझी’ असं वाक्य होतं. तारीख सांगताना ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “ही तारीख कॅलेंडरमध्ये आहे ना?” मी म्हणाले, “आहे.” आणि मग धीर करून म्हणाले, “मागची नव्हती हे मला माहीत होतं, साहेब.” ते म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं ते मला माहीत होतं.”

त्यांनी बैठकीत माफी वगैरे मागितली नाही. तसा तो माणूस नव्हता. पण एखाद्याला बोलायचं असलं की ‘जरा आत या’ म्हणायला लागले. अधूनमधून जीभ सुटायचीच. एकदा ड्रायव्हरला आवारात सगळ्यांसमोर बोलले, जिना अर्धा चढले आणि परत खाली उतरून त्याच्याशी काहीतरी बोलून आले. काय ते ड्रायव्हरने सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडी सांगायच्या आधी दारात होती.

विद्यापीठ पूर्ववत झालं का? काही झालं, काही नाही. एकदा बसलेला टाका उसवायला वेळ लागत नाही, परत घालायला लागतो. इतिहासाच्या विभागप्रमुखांनी निवृत्त होईपर्यंत ताईंना खोली दिली नाही, आणि ताईंनीही त्यांचा अर्ज कधी परत पाठवला नाही. ग्रंथालयाच्या बाई त्याच आठवड्यात पुन्हा डबा घेऊन आल्या.

वायरमनला मात्र चार महिने लागले. तो सगळं रजिस्टरमध्ये लिहायचा, अक्षर वळणदार काढून, आणि ताईंच्या टेबलासमोरून सरळ निघून जायचा. ताईंनी त्याला हाक मारली नाही. त्या रोज अकराच्या सुमारास इमारत विभागात जाऊन ते रजिस्टर स्वतः वाचत आणि त्याप्रमाणे खोल्या बदलत. नोंदीखाली बारीक अक्षरात लिहीत, ‘वाचलं. खोली बंद ठेवली आहे.’ त्याने ते बघितलं असणारच. घरी सासूबाईंना पुन्हा दोनदा विचारायला लावायलाही त्यांना असेच काही आठवडे लागले होते. “न विचारणाऱ्या माणसाची सवय फार पटकन होते गं,” त्या मला म्हणाल्या होत्या, “आणि मग ती मोडायला आपल्यालाच जावं लागतं.”

एक दिवस सकाळी मी टाइप करत होते तर शेजारी सावली पडली. वायरमन उभा होता, हातात वायरचं भेंडोळं.

“सत्तावीस नंबरच्या दाराशी फरशी हलतेय,” तो म्हणाला. “माझं काम नाही ते. पण कुणीतरी पडेल.”

“बसा ना,” ताई म्हणाल्या.

“बसत नाही, पाठ धरलीय,” तो म्हणाला, आणि तरी जरा वेळ उभा राहिला.